घरातली माणसं तीन

सकाळी अकराच्या सुमाराला सूनबाई एका नवऱ्यामुलाच्या गालावरचे खड्डे बुजवत होती. कॉम्प्युटरवर, अर्थात. आसपासच्या निम्म्या गल्ल्यांतली लग्नं तिच्या बोटांनी जुळली होती. कुणाचं टक्कल झाकलं, कुणाची हनुवटी जराशी वर ओढली. फोटो स्टुडिओ सासऱ्यांचा, पाटीवर नाव नवऱ्याचं आणि राबणं हिचं. एवढी चोख वाटणी भल्याभल्या घरांत सापडत नाही.

सासूबाई आतून हात पुसत आल्या.

"अगं, आठ वर्षांपूर्वीचा माझ्या लेकाचा एक फोटो होता बघ. केस दाट होते तेव्हा. तो शोध आणि जरा स्वच्छ करून दे."

"कशाला हवाय?"

"लागतो कधीकधी."

कधी लागतो हे सूनबाईला ठाऊक होतं. आठ वर्षांपूर्वी तोच फोटो तिच्या माहेरी आला होता.

मूल होत नाही म्हणून तीन महिन्यांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी तिच्या गर्भाशयात औषध सोडून एक्स-रे काढला होता. पुढच्या तपासण्या झाल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "क्षयानं दोन्ही गर्भनलिका बंद झाल्यात. बहुतेक आधी फुप्फुसात शिरला, मग रक्तातून खाली उतरला. गोळ्यांनी आजार बरा होईल, नळ्या मात्र उघडणार नाहीत. पण गर्भाशय चांगलं आहे. बाहेर गर्भ तयार करून आत ठेवता येतो, मूल होण्याची आशा आहे." एवढ्या बोलण्यातले दोनच शब्द कुटुंबानं घरी आणले : 'नळ्या बंद'. उरलेलं सगळं दवाखान्याच्या बाकावर राहिलं. क्षय कुठून आला, हेही कुणी विचारलं नाही. न विचारण्याचं कारण होतं, ते पुढे येईलच.

त्या दिवसापासून नणंद माहेरी आली की आपली दोन पोरं हिच्यापासून चार हात लांब ठेवू लागली. आजार लागेल म्हणून नव्हे. वांझपण लागेल म्हणून. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत, "फुटकं मडकं कितीदा भरायचं?" आणि नवरा? त्याला मत विचारलं की तो कॅमेऱ्याची काच पुसायला घेई. त्या घरात त्या काचेइतकं लखलखीत दुसरं काही नव्हतं.

सूनबाई माळ्यावर चढली. सासऱ्यांची शिस्त दांडगी. दर सालाचं खोकं वेगळं, खोक्यावर साल, आत महिन्यांची पाकिटं. आठ वर्षांपूर्वीच्या खोक्यात नवऱ्याचा फोटो सापडला. त्याच्या खाली एक मोठं पिवळं पाकीट होतं. स्वभावाला औषध नाही म्हणतात, ते असं. चोरीसुद्धा सालवार लावून ठेवली होती!

पाकिटात छातीचा एक्स-रे होता, सासऱ्यांचा. सोबत लांबच्या कुठल्याशा दवाखान्याचं कार्ड. आजार : क्षय. रुग्णासोबत राहणारी माणसं : पत्नी, मुलगा, मुलगी. एकूण तीन. तिघांचीही तपासणी झाली.

ती माळ्यावरच बसली. त्या साली तिच्या लग्नाला चार महिने झाले होते. सासऱ्यांना खोकला लागला तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "धुळीचा आहे, जुनाच." नवरा स्टुडिओत झोपायला गेला, नणंदेची खाट मागच्या खोलीत गेली. थुंकीचं भांडं धुवायला, पाठ चोळायला नवी सून उरली. सकाळची 'ताकदीची गोळी' तीच त्यांच्या हातावर ठेवी. तेव्हा नणंदेचं लग्न ठरत होतं. सून माहेरी बोलली असती तर सोयरीक मोडली असती, म्हणून तिला मोजलंच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवऱ्यासाठी हेरलेल्या नव्या मुलीचा मामा भाचीचा फोटो घेऊन स्टुडिओत आला. खुर्च्या मांडल्या गेल्या, सासरे आणि नवराही येऊन बसले. सासूबाईंनी एक टाईप केलेला कागद सूनबाईपुढे सरकवला : 'माझ्या शरीरात जन्मापासून दोष आहे. घटस्फोटास व पतीच्या दुसऱ्या लग्नास माझी हरकत नाही.'

"सही कर, आणि तो फोटो दे मामांना."

"देते की," सूनबाई म्हणाली. तिनं फिल्म तपासायच्या काचेखालचा दिवा लावला आणि काचेवर दोन फिल्मा शेजारी शेजारी ठेवल्या. "मामा, ही सासऱ्यांची छाती. हे माझं पोट. आणि हे कार्ड, जरा मोठ्यानं वाचा."

मामांनी वाचलं. 'एकूण तीन' वर त्यांचा आवाज बारीक झाला.

"मामंजी," ती सासऱ्यांकडे वळली, "तुम्हाला धरून आपण पाच जण होतो ना?"



"घरातली गोष्ट बाहेर मांडतेस? अब्रू काढलीस!" सासूबाई ओरडल्या.

"अब्रू वाचवायला गर्भनलिका माझ्या वापरल्यात, सासूबाई. तुमच्या लेकीची सोयरीक सुखरूप पार पडली. कागदावर जन्मापासून लिहिलंय ते खोडा, या घरात आल्यापासून असं लिहा. मग बघू."

नवरा पुटपुटला, "मी काय करणार होतो? आईनं सांगितलं होतं..."

"स्वतः तपासून आलात ना? मग दवाखान्याचा रस्ता ठाऊक होता."

मामा उठले. त्यांचा एकच प्रश्न होता, "आमच्या मुलीला इथे काही लागलं तर नसतं ना?" समोर जिला लागून झालं होतं, तिच्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. भाचीचा फोटो तेवढा उचलून खिशात घातला. चला, एक मुलगी वाचली. कुणाच्या शहाणपणानं नव्हे, मामांच्या भीतीनं का होईना.

सूनबाईनं आपली फिल्म, कार्ड आणि गोळ्यांची डबी पिशवीत भरली. सही न केलेला कागद काचेवरच राहिला. दारातून तिनं मागे वळून सांगितलं, "तो गालावर खड्डे असलेला नवरामुलगा चारला येईल. गाल अर्धाच झालाय. उरलेला तुम्ही करा, अहो. खोट बेमालूम लपवायची कशी, ते घरात सगळ्यांनाच येतं."

नवऱ्यानं कॅमेऱ्याची काच पुसायला घेतली.

वाचकहो, या माणसांना नावं ठेवण्याआधी एक करा. आजारपणात घरात कोण उशाशी बसतं आणि तपासायला कोणाकोणाला नेतात, ते आठवा. तुमचा आकडा जुळतो का?