जुगलबंदीतला दुसरा

संपतनं कात्री घेतली आणि फ्लेक्स मधोमध कापायला घेतला. वरची पट्टी, महेंद्रशेठच्या प्लॉटिंगच्या नावाची, तेवढी त्यानं जपून अखंड ठेवली. खाली मात्र हात सैल सोडला. दत्ताचा हसरा चेहरा एका तुकड्यात गेला, संपतचा पट्टीसकट राहिला. दत्ताचा तुकडा त्यानं गोठ्यामागच्या कडब्यावर पालथा टाकला. तेवढ्यानंही मन भरेना, म्हणून वर दोन विटा ठेवल्या.

"अवो, चांगला बॅनर का फाडताय?" अंकिता दारातून म्हणाली.

"फाडत न्हाई. नीट करतोय."

"शेठ यायच्या आत नीट करा मग. मी यवतावरनं चहापावडर आन् बिस्किटं आणून ठेवलीत."

शर्यतीच्या गाड्याला चार बैल लागतात. संपतकडं दोन, दत्ताकडं दोन. संपत कासुर्डीचा, दत्ता यवतचा. दोघांनी चार वर्षांपूर्वी जोड्या एकत्र केल्या आणि घाटाघाटात, गावोगावच्या शर्यतीच्या धावपट्ट्यांवर, त्यांची जुगलबंदी गाजायला लागली. संपतची जोडी मागं जुवाला, दत्ताची पुढं. आता बघणाऱ्याची नजर जाणार कुठं? पुढंच जाणार! गाडा निशाणाजवळ आला की भोंग्यावरचा माणूस घसा फाडून दत्ताच्या बैलांची नावं घ्यायचा, आणि संपतची जोडी धुरळ्यातून बाहेर येईपर्यंत त्याचा श्वास संपलेला असायचा. सत्काराला फेटा आधी दत्ताला. फोटोत दत्ता मधी. दत्ताची शेवंती पुण्याच्या मार्केटला जायची, घरात दोन पिढ्यांचं बागायत, बोलणं गोड. हेवा वाटू नये असं त्या माणसात एक काही नव्हतं, आणि संपतला चारही वर्षं पोटात दुखत होतं. अंकितासुद्धा कधी म्हणायची, दत्ताभावजींसारखं जरा शांतपणानं घ्या. शांतपणानं! त्या दिवशी तो जेवला नव्हता.

आणि मग वडगाव रासाईचा घाट झाला. गाडा असा काही सुटला की लोकांनी टोप्या उडवल्या. पण गुलाल पडायच्या आधीच कमिटीच्या एका माणसाला जुंपणीच्या जागी मातीत काहीतरी सापडलं. स्वयंपाकघरातला गॅस लायटर, काळी चिकटपट्टी गुंडाळलेला, पुढं वायरीचे दोन तुकडे. बैलाच्या शेपटीखाली टेकवून दाबायचा, की शॉक बसून बैल जीव घेऊन पळतो. भोंग्यावरून त्यांची बारी बाद झाल्याचं सांगितलं, जुगलबंदीला वर्षभर सगळे घाट बंद झाले. बैल धरायला तिथं सात-आठजण होते; हात कुणाचा, ते कुणी बघितलं नव्हतं. व्हिडिओ मात्र तालुकाभर फिरला.

महेंद्रशेठनं त्याच संध्याकाळी हात काढून घेतला. बैलांची पेंड, अंडी, न्यायला-आणायला पिकअप, झुली, बॅनर, सगळं त्याचं होतं. "माझ्या नावाखाली असले धंदे नकोत," तो म्हणाला होता. "लोक उद्या म्हणतील, हा प्लॉटच्या मोजणीतपण असंच करत असंल." शेठ परत आला नाही तर बैल चाकणच्या बाजारात जाणार हे उघड होतं. गेणबानं, संपतच्या वडलांनी, शेवटची मेंढरं विकून पोराला ही जोडी वासरं असतानाच घेऊन दिली होती. जोडी गेली की घरात म्हातारा कुणाच्या तोंडाकडं बघणार?

हात कुणाचा होता ते सांगून टाकलेलं बरं. संपतचाच. शर्यतीच्या आदल्या दिवशी यवतच्या ढाब्यावर कुणीतरी हसत हसत म्हणालं, दत्ताची जोडी गाडा ओढती, वर संपतची जोडीबी ओढती. सगळे हसले. दत्ता हसला नाही, उलट त्यानं त्या माणसाला झापलं, आणि ते तर संपतला आणखीनच झोंबलं. घरी येऊन त्यानं ओट्यावरचा लायटर उचलला आणि माळावर आपल्या बुलेट बैलावर चार-सहा वेळा चालवून बघितला. अंकितानं लायटर दोन दिवस शोधला, मग काडीपेटीवर भागवायला लागली.

कालच त्यानं शेठला फोन केला होता. नाव कुणाचं घेतलं नाही. "पुढची जोडी कुणाची, तेवढं मनाशी धरा," एवढंच म्हणाला. "माझी जोडी एकदा येऊन बघा. मी एकटा गाडा उभा करतो, दुसरी जोडी मिळंल कुठंबी."

शेठची पांढरी गाडी बांधावरून आत आली तेव्हा संपत हसत पुढं झाला. मागच्या दारातून दत्ता उतरला. संपतचं हसू तिथंच राहिलं.

"याला मीच बोलवला," महेंद्रशेठ म्हणाला. "मागनं बोलण्यापरीस समोरासमोर झालेलं बरं. कसं?"

"व्हय की," संपत म्हणाला.

दत्तानं गोठ्यावर टांगलेल्या बॅनरकडं बघितलं. कापलेल्या कडेवर त्याची नजर जरा थांबली. मग तो बुलेटकडं गेला आणि त्याच्या वशिंडावर हात ठेवून उभा राहिला.

"हे बघ संपत," शेठ बाजेवर बसत म्हणाला, "मला एकच पायजे. ज्यानं केलं त्यानं बाजूला व्हायचं. दुसऱ्याच्या मागं मी उभा हाय. घाटबंदीचं मी बघतो, कमिटीत माझी माणसं हायत. पण माणूस साफ पायजे."

"माझं काय, सगळ्यांच्या समोर हाय," संपत म्हणाला. दत्ताकडं न बघता म्हणाला.

"आधी चहा घ्या शेठ," अंकिता आतून म्हणाली. "झालाच. लायटरबी नवा आणलाय आज, काड्या ओढून ओढून हात भाजले माझे."

संपतच्या डोक्यात काही यायच्या आत आतून आवाज आला. टक.

बुलेट जागच्या जागी उसळला. दावं ताणलं, खुंटा हलला, दत्ता कसाबसा बाजूला झाला.

गॅस लागला नसावा. परत टक. बैलानं मागचे पाय झाडले, पाण्याची बादली उडाली, खुंटा उपटून तो दाव्यासकट बांधापलीकडं कांद्याच्या वाफ्यात गेला.

"अगं काडीनं पेटव!" संपत ओरडला. "काडीनं!"

ओरडून झाल्यावर त्याला कळलं आपण काय ओरडलो ते. महेंद्रशेठनं बैलाकडं बघितलं, स्वयंपाकघराकडं बघितलं आणि मग संपतकडं बघत राहिला. अंकिता लायटर हातात धरून दारात आली होती. हरवलेला लायटर कुठं गेला होता, ते तिच्या तोंडावर हळूहळू उमटत गेलं.

"बैल तर तुझा हाय, संपत," शेठ म्हणाला.

"बैल त्याचा. काम माझं," दत्ता म्हणाला.

सगळ्यांनी तिकडं बघितलं.

"जुंपताना मीच लावला," दत्ता सांगत होता. आवाज नेहमीसारखाच, थंड. "आधी हितंच येऊन सराव केला, संपत घरी नव्हता तवा. त्याला ठाऊकबी नव्हतं. मी बाजूला होतो, शेठ. त्याची जोडी चांगली हाय, ती बाजारात जाऊ नये."

महेंद्रशेठ उठला, त्यानं दत्ताच्या खांद्यावर हात ठेवला. "चुकलास, पण कबूल करायला छाती लागती गड्या. दुसरा कुणी असता तर..." मग संपतकडं वळून म्हणाला, "उद्या पिकअप पाठवतो. बॅनर नवा टाकू. तुझ्या एकट्याचा."

झालं! चार वर्षं मागितलं ते एका वाक्यात पदरात पडलं. जोडी राहणार, म्हाताऱ्याचा मान राहणार. संपतनं मान खाली घालून "बरं शेठ" म्हणायचं, एवढंच काम उरलं होतं. तेवढ्यात त्याची नजर दारात गेली. अंकिता दत्ताकडं बघत होती. आपली बायको आपल्याकडं कधी असं बघितल्याचं त्याला आठवेना. इथंपण हाच! चोरीत नाव यायचं, तर तिथंही मोठा हाच ठरणार, आणि आपण जन्मभर याच्या दयेची पेंड बैलाला घालणार. त्याच्या अंगाचा भडका उडाला.

"खोटं बोलतोय त्यो," संपत म्हणाला. "लायटर माझ्या घरातला, हात माझा. ह्याचा काय संबंध न्हाई. हे असलं मोठेपण मला नको."

"संपत, गप बस," दत्ता म्हणाला.

"तू गप बस!"

महेंद्रशेठनं दोघांकडं पाळीपाळीनं बघितलं. राग आला असावा, पण तो हसलाच. "एक चोर, दुसरा खोटारडा. माझा बॅनर तेवढा उतरवून ठेवा," असं म्हणून तो गाडीत बसला. धुरळा बांधापर्यंत गेला आणि खाली बसला. अंकिता केव्हा आत गेली ते कळलं नाही.

दोघं कांद्याच्या वाफ्याकडं चालायला लागले. बैल आणायलाच हवा होता.

"जोडी वाचली असती," दत्ता म्हणाला.

"खरं बोलायचं म्हणून न्हाई बोललो मी. तुझं मोठेपण बघवना म्हणून बोललो."

"ठाऊक हाय."

हेही ठाऊक! संपतला त्याची कॉलर धरावीशी वाटली. कधीपासून ठाऊक होतं, विचारावंसं वाटलं, पण उत्तराची भीती वाटली.

बुलेट वाफ्यात उभा होता. संपत चुचकारत पुढं झाला, तसा बैल मागं सरकला. तो डावीकडून गेला, बैल उजवीकडं वळला. त्यानं रिकामा हात पुढं करून तळवा उघडून दाखवला. बैलाच्या अंगावर शहारा आला, डोळ्यांचं पांढरं दिसलं. बुलेट वासरू असताना याच हातानं संपतनं त्याला दूध पाजलं होतं.

दत्तानं हाक मारली. बैल सावकाश चालत त्याच्याकडं आला आणि त्याच्या पलीकडच्या बाजूला, संपतपासून लांब, जाऊन उभा राहिला. दत्तानं दावं हातात घेतलं, संपतपुढं धरलं.

"घे. तुझा हाय."

संपतनं हात पुढं केला. बैलाचे पाय लटपटायला लागले. त्यानं हात मागं घेतला आणि शर्टाला पुसला.

"तूच ने," तो म्हणाला. "तुझ्याकडंच बांध."

मग तो घराकडं न जाता तिथंच बांधावर बसला, आणि दत्ता बैल घेऊन जाईस्तोवर दुसरीकडं बघत राहिला.