टेम्पोची जागा

कुंडल गावाहून भाजी वाहणाऱ्या इलियासच्या घरापाशी टेम्पोला जागा नव्हती, म्हणून नगरपालिकेनं त्याला गल्लीतल्या जागेचा परवाना दिला होता. जागा नेमकी शेजारच्या चंदनबालाच्या दारासमोर. चातुर्मासात ती सकाळी जैन मुनींना आहारासाठी बोलवायला कलश घेऊन दारात उभी राही. इलियास तेवढ्यापुरता टेम्पो आपणहून चौकात नेई.

तीन सकाळी जागा रिकामी बघून, ती वापरात नाही असं ठरवून नगरपालिकेचा साहेब परवाना रद्द करायला आला. चौकशी करायला जणू त्याचं तोंड दुखत होतं. परवाना गेला तर धंदा बसणार, तरी इलियास शेजाऱ्याचं नाव घेईना.

चंदनबालाचा नवरा बाळगोंडा बाहेर आला. "आमच्या मुनींसाठी जागा सोडतोय त्यो. लिवा तसं, मी सही करतो."

साहेबानं तसं लिहून सही घेतली आणि परवाना कायम ठेवला.

"उद्या बी जागा रिकामीच असंल," बाळगोंडा म्हणाला. "तपासायला याल तर चपला काढून या."

इलियास हसत टेम्पो आणायला निघाला.