छताला टांगलेला डोंगर

टेबल टेनिसचे टेबल दोन तुकड्यांचे असते, मित्रांनो. त्यांतला एक तुकडा मी. माझा जोडीदार क्लबाच्या गळक्या खोलीत भिजून फुगला आणि कोणीतरी त्याला चुलीत घातले. मी कोरड्या भिंतीला टेकून उभा होतो म्हणून वाचलो. तिथून मला नांदुऱ्याच्या इंद्रभानभाऊंनी हातगाडीवर घालून घरी नेले.

शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटारी उघडून त्यांत नवी तार भरणे हा इंद्रभानभाऊंचा धंदा. त्यांच्या बोटांना कायम वॉर्निशचा वास. एकदा गाव सोडून जाणाऱ्या एका गिऱ्हाइकाने आपल्या मुलांची खेळण्यातली आगगाडी त्यांना देऊन टाकली. इंजिनाची मोटर जळलेली होती. सुपारीएवढी ती मोटर भाऊंनी भिंग लावून उघडली, केसासारखी तार तिच्यात भरली, आणि चौथ्या दिवशी इंजिन स्वयंपाकघराच्या फरशीवर धावले. तेव्हापासून त्यांना दुसरे काही सुचेना. गाडीला कायमचे गाव हवे होते. ते गाव म्हणजे मी.

पण मला ठेवायचे कुठे? घर दोन खोल्यांचे. पुढची खोली दहा बाय अकराची, तिच्यात लाकडी पलंग, कपाट, शिलाई मशीन आणि खिडकीत कूलर. कोकिळाबाई, म्हणजे भाऊंच्या पत्नी, माझ्याकडे आणि मग खोलीकडे पाहत राहिल्या. भाऊंनी मात्र वर पाहिले. बोअरमध्ये अडकलेली मोटर कप्पीने वर ओढतात, तसे मला वर ओढायचे त्यांनी ठरवले. छतात चार हूक बसले, त्यांना चार कप्प्या, चार दोऱ्या आणि भिंतीवर फिरवायचे एक हँडल. हँडल फिरवले की मी कमरेच्या उंचीवर येई. खेळ संपला की पुन्हा पलंगाच्या वर, छताजवळ.

माझे ते दिवस सोन्याचे होते. माझ्या हिरव्या अंगावर रूळ आले. थर्माकोलचा फलाट आला, वाळलेल्या तुरीच्या काड्यांची झाडे आली, बॉलपेनच्या रिकाम्या कांड्यांचे सिग्नल आले. फलाटावर खऱ्या कापसाच्या चिमुकल्या गाठी रचल्या गेल्या. संध्याकाळी शेजारीपाजारी येत, गाडी फलाटावर थांबली की टाळ्या वाजत. भाऊ तेव्हा चष्मा पुसत.

मग एके दिवशी एक पाहुणा म्हणाला की सगळे झकास आहे, पण बोगदा नाही. खरे तर नांदुऱ्याचा रूळ सरळसपाट. बोगदा कुठून येणार? पण भाऊंच्या मनाने घेतले. गोणपाट, रद्दी आणि प्लास्टर ऑफ पॅरिस यांचा एक डोंगर माझ्या एका कोपऱ्यावर उभा राहिला. लोकांनी तोंडात बोटे घातली. म्हणून डोंगर वाढला, त्याला कडा आला, कड्याखाली खऱ्या दगडांची नदी आली. जितके कौतुक, तितके वजन. हूक मात्र तेच होते, पहिल्या दिवशीचे. आणि डोंगराकडचा हूक नेमका कूलरच्या खिडकीवर होता. दोन उन्हाळे त्याने ओली हवा खाल्ली होती.

फाल्गुनात भाऊंची लेक महामाया पहिल्या बाळंतपणाला रोहिणखेडहून माहेरी आली. मुलगी झाली. उन्हाळा तापला तशी बाळंतिणीला कूलरची खोली दिली गेली. पलंग माझ्या बरोबर खाली. दुपारभर ते इवलेसे बाळ उताणे पडून माझ्या पोटाकडे टक लावून पाही. मलाही दुसरीकडे पाहता येत नव्हते.

एका दुपारी डोंगराकडचा हूक जरासा सरकला. अगदी जरासा. छतातून चिमूटभर पांढरी पूड बाळाच्या उशाशी पडली. महामायाने ती पदराने झटकली. तिला वाटले, बाबांच्या डोंगराची पूड आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा पडली. मित्रांनो, मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. मला एवढेच करता येत होते, हलायचे नाही. कूलरचा वारा लागला की दोऱ्या कुरकुरत, आणि मी मनातल्या मनात बाळाचे श्वास मोजत राही.

बुद्धपौर्णिमेला भाऊंनी गल्लीतल्या सगळ्यांना खिरीला आणि गाडी पाहायला बोलावले होते. चार दिवस आधी त्यांनी मला खाली घेतले. एक सुटा डबा रुळावर ठेवला, तर तो आपणहून डोंगराकडे निघाला. भाऊंनी डबा परत आणला. तो परत निघाला. त्यांनी पातळी मोजायची पाणसळ लावून पाहिली. माझा एक कोपरा बोटभर खाली गेला होता.

आता हे वर पाहतील, असे मला वाटले. त्यांनी वर पाहिले नाही. त्यांनी जुन्या वहीचा पुठ्ठा कापला, त्या बाजूच्या रुळाखाली सारला, आणि डबा जागच्या जागी थांबला. भाऊंना समाधान झाले. मी पुन्हा वर गेलो.

कोकिळाबाईंना माझ्या गाडीत कधीच रस नव्हता. पण त्या दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या, आणि त्यांनी तो डबा पळताना पाहिला होता. दुसऱ्या दिवशी उशीवरची पूड त्यांनी दोन बोटांत चोळून पाहिली. डोंगराच्या प्लास्टरची पूड मऊ असते. ही पूड वाळूसारखी खरबरीत होती, छताची. त्यांनी बाळ उचलून महामायाच्या मांडीवर दिले, दोघींना आत स्वयंपाकघरात बसवले आणि एकटीने पलंग ओढत ओढत भिंतीला नेऊन लावला.

भाऊ दुकानातून जेवायला आले ते हे पाहून तडकलेच. बाळंतीण चुलीच्या धगीत आणि कूलर रिकाम्या खोलीत, हे काय चालले आहे, असे त्यांनी विचारले. कोकिळाबाई म्हणाल्या, "वरचं ते मले बरोबर दिसून नाही राह्यलं."

भाऊंना ते लागले. तीस वर्षे त्यांनी शंभर शंभर किलोच्या मोटारी टांगल्या होत्या, त्यांतली एकही कधी पडली नव्हती. हे सगळे त्यांनी बोलून दाखवले. पौर्णिमा तीन दिवसांवर आहे, आता खोल्याबिल्या बदलायच्या नाहीत, असेही बजावले. कोकिळाबाई जागच्या हलल्या नाहीत. तेव्हा भाऊंनी चप्पल काढली, खांद्यावरचा दुपट्टा फरशीवर अंथरला आणि ते माझ्या बरोबर खाली, डोंगराच्या खाली, उताणे झोपले.

"घ्या," ते म्हणाले. "हा झोपलो मी. काई होते का पाहा."

त्या क्षणी दोरी कुरकुरली. हुकाची पकड केसभर सुटली, ते मला कळले. त्यांना कळले नाही. त्यांचे डोळे मिटलेले होते. मी माझी सारी लाकडी शक्ती उरलेल्या तीन कोपऱ्यांत नेऊ पाहत होतो. पण लाकडाच्या हाती काय असते? वजन खालीच जाते.

महामाया बाळाला घेऊन मधल्या दारात येऊन उभी राहिली होती. कोकिळाबाईंनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी महामायाच्या हातातून बाळ घेतले, खोलीच्या मध्यापर्यंत आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मजबूत हाये ना? मंग हिले ठेवू का तुमच्या बाजूले?"

भाऊंनी डोळे उघडले. त्यांनी आधी बाळाकडे पाहिले. मग माझ्याकडे.

"नोको," ते म्हणाले. "ठेवू नोको."

आणि ते उठले. स्टूल आणून चढले आणि डोंगराकडच्या हुकाला त्यांनी पहिल्यांदा हात लावला. हुकाभोवतीच्या छतात त्यांचे बोट पेरभर आत गेले. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी दोघींना बाळासह आत जायला सांगितले आणि भिंतीशी सरकून हँडल हळूहळू उलटे फिरवायला सुरुवात केली. एक वेढा. दोन वेढे. तिसऱ्याला हूक सुटला.

माझा कोपरा फरशीवर आदळला. डोंगर मधोमध फुटला, कडा घरंगळत कपाटापर्यंत गेला, इंजिन पलंगाखाली जाऊन पडले. स्वयंपाकघरात बाळ किंचाळून रडू लागले. धूळ खाली बसली तेव्हा कप्पीसकट तो लोखंडी हूक पलंगाच्या जुन्या जागी पडलेला दिसला, जिथे सकाळपर्यंत उशी होती.

भाऊ भिंतीला टेकून खाली बसले. कोकिळाबाईंनी त्यांना पाणी आणून दिले. पाणी पिऊन होईपर्यंत तांब्याही कोकिळाबाईंनीच धरून ठेवला. बोलले होते ना, असे त्या म्हणाल्या नाहीत. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

पौर्णिमेला लोक आले. खीर झाली. गाडी कुठे आहे, असे सगळ्यांनी विचारले. मला वाटले, भाऊ काहीतरी सांगून वेळ मारून नेतील. पण ते सरळ म्हणाले, "हूक सुटला. मी पाह्यलाच नव्हता."

आता मी भिंतीला असतो. तीन जाड बिजागऱ्या, खाली उघडणारे दोन पाय, आणि दुमडले की कपाटाच्या बाजूला वीतभर जागा. डोंगर परत झाला नाही. माझ्या अंगावर सपाट रूळ, फलाट आणि थोडी झाडे, एवढेच. पूर्वीसारखी गर्दी होत नाही. कधीकधी मला त्या टाळ्या आठवतात आणि जरा उदास वाटते, खोटे कशाला बोलू? बाळ आता माझ्या कडेला धरून उभे राहते. रविवारी भाऊ गाडी लावण्याआधी एकेक बिजागरी हलवून पाहतात. आतून कोकिळाबाई विचारतात, "पाह्यलं?" ते म्हणतात, "पाह्यलं." मगच इंजिन सुटते.

मित्रांनो, तुम्हीही घरात काहीबाही उभारत असाल. छोट्या घरात तर वर, खाली, दाराआड, जिथे जागा मिळेल तिथे. खुशाल उभारा. रंगवा, सजवा, चार लोकांना दाखवा. पण ज्या खिळ्यावर ते उभे आहे, त्याला कोणी टाळ्या वाजवत नाही. त्याला तुम्हीच हात लावून पाहायचा असतो. आणि घरातले कोणी म्हणाले, मला हे ठीक दिसत नाही, तर आधी उठा आणि स्टूल आणा. वाद मागाहून घालता येतो.