दोन दरेकसावाल्या

मी नळी बोलतेय. रक्ताची. बोटाएवढी, जांभळ्या टोपणाची. आणि आधीच सांगून टाकते, मला माणसं आवडत नाहीत. मी शहरातली आहे. एसी कारखान्यात जन्मले, हातमोजे घातलेल्या बायकांनी मला उजेडात धरून पारखलं. तेव्हा माणसं मला हुशार वाटायची. मग मी गोंदियाला आले, तिथून सौंदडला गेले, आणि मत बदललं.

थोडं माझ्याबद्दल ऐका, कारण पुढे कोणी विचारत नाही. माझ्यातली हवा आधीच काढून घेतलेली असते. सुई शिरेत गेली की रक्त मी स्वतःच ओढून घेते. तळाला औषध असतं, त्याने ते गोठत नाही. माणसाने दोनच गोष्टी करायच्या. मला हळूच सात-आठ वेळा उलटसुलट करायचं, आणि माझ्या अंगावरच्या पांढऱ्या पट्टीवर नाव लिहायचं. बस. शेंबड्या पोरालाही जमेल.

तर मला सौंदडला नेलं इंद्रकुमारने. हा पशुधन पर्यवेक्षक. गावात सगळे त्याला डॉक्टर म्हणतात आणि तोही कोणाला नाही म्हणत नाही. उमेंद्र पटलेच्या गोठ्यात आम्ही पोचलो तेव्हा म्हशीभोवती इतकी गर्दी होती की मला वाटलं, हिचं लग्न वगैरे आहे. म्हैस चार लिटर द्यायची, आता अडीचवर आली होती. एवढंच.

"डॉक्टर साहेब, पाहा जी," उमेंद्रची आई, सुशिलाबाई म्हणाली. "वाळून राहिली माझी म्हैस."

मी पिशवीतून बघितलं. काळी कुळकुळीत, पाठीवर पाणी ठरणार नाही अशी गुळगुळीत, निवांत रवंथ करत उभी. वाळलेली अजिबात नव्हती. वाळलेली होती ती तिचं दावं धरून उभी होती. सुशिलाबाईची सून. ओठ पांढरे, डोळ्यांखाली काळं, आणि एक हात खुंट्यावर टेकवलेला, नाहीतर पडलीच असती. बारा माणसं त्या गोठ्यात होती. बाराही म्हशीकडे बघत होती. काय बोलणार यार.

इंद्रकुमारने म्हशीचा ताप घेतला, हिरड्या बघितल्या, कास चाचपली. "वरून तर चांगली दिसून राहिली. पोटात जंत असतीन तर रक्त कमी झालं असंल. तपासून घेऊ." मग मानेची शीर दाबली, सुई घातली, आणि मी भरले. गरम, दाट, झकास रक्त. खरं सांगते, मला तेव्हाच कळलं होतं. ह्या बाईसाहेबांना काहीही झालेलं नाही.

"म्हशीचं नाव?" त्याने पेन काढलं.

"दरेकसावाली," सुशिलाबाई म्हणाली.

लिहिलं माझ्या अंगावर. दरेकसावाली.

आता इथली एक पद्धत सांगते. ह्या भागात सून घरात आली की तिचं नाव उंबऱ्याबाहेर राहतं. ती ज्या गावची, त्या गावावरून तिला हाक मारायची. ही दरेकशाची, म्हणून दरेकसावाली. चार वर्षांपूर्वी बापाने आंदणात म्हैस दिली, तीही दरेकशाची. दोघी एकाच दिवशी एकाच टेम्पोतून आल्या. मग म्हशीलाही तेच नाव. कोणाला त्यात काही खटकलं नाही. अंगणातून हाक मारली की दोघी मान वर करतात म्हणे, आणि लोक हसतात.

हसा.

इंद्रकुमार हात धुवायला बोरिंगवर गेला आणि इकडे सून दावं सोडून मटकन शेणात बसली.

"घ्या," सुशिलाबाई म्हणाली. "रक्त म्हशीचं काढलं, चक्कर हिले आली. धानाचा रोवणा सुरू झाला का हिचे नाटकं सुरू होतेत."

"मी कधीची सांगून राहिली, माय," सून पुटपुटली. "पाय उचलत नाही माह्ये."

गर्दीत आत्ताच अल्का सिस्टर येऊन उभी राहिली होती. दोन महिन्यांपूर्वी गावच्या उपकेंद्रात बदलून आलेली, दूध न्यायला बरणी घेऊन आलेली. तिने बरणी ठेवली, सुनेच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि तिचा चेहराच बदलला. "हिचं बी रक्त पाहा लागते," ती म्हणाली. इंद्रकुमारच्या पाकिटातली नवी सुई आणि माझ्या शेजारची नळी, म्हणजे माझी बहीणच, घेतली आणि सुनेच्या हातातून रक्त काढलं. मला त्या दिवसात आवडलेलं हे एकमेव माणूस.

आणि मग तिनेही माती खाल्ली.

"नाव काय हिचं?" तिने विचारलं. सून तोंडावर पदर धरून उलटी आवरत होती. उत्तर सुशिलाबाईने दिलं.

"दरेकसावाली."

नवीन बाई. तिला वाटलं असेल आडनाव. लिहिलं आणि बहिणीला माझ्याशेजारी बर्फाच्या डब्यात ठेवलं. "साहेब, गोंदियाले जाऊनच राहिले तर हे बी देऊन द्या." तो हो म्हणाला. बघितलंसुद्धा नाही.

गोंदियातली लॅब माणसांचीच आहे, पण गाई-म्हशींचंही करून देतात. पहिल्या मजल्यावर. काऊंटरवर देवानंद, आत मशीनवर प्रेरणा. इंद्रकुमारने देवानंदला सांगितलं, "एक म्हैस, एक बाई." देवानंद मोबाईलमध्ये क्रिकेट बघत होता. हां हां म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उमेंद्र बायकोला घेऊन रिपोर्ट न्यायला आला. ती जिन्यात दोनदा थांबली, मला इथे रॅकमध्ये तिची धाप ऐकू येत होती. वर येऊन ती बाकड्यावर बसली नाही, पडली.

देवानंदने दोन कागद काढले. "अरे भाई, दोनों का नाम सेम है. एकाचं हिमोग्लोबिन अकरा आलं, एकाचं पाच. कौन सा किसका?"

मी तिथेच होते. चार फुटांवर. माझ्या पोटात अकरावालं रक्त होतं आणि ओरडायला मला तोंड नव्हतं.

उमेंद्रने क्षणभरही विचार केला नाही. "पाच म्हशीचं. दूध आटलं ना तिचं. अकरा हिचं." बायकोकडे वळून म्हणाला, "पाह्य, अकरा आहे. चांगलं आहे. उगाच करून राहिली होती. बस इथं, मी म्हशीचं टॉनिक घेऊन येतो."

कागदावर लिहिलेलं खोटं कसं म्हणायचं? आता घरी जाऊन चिखलात उभं राहायचं, धान रोवायचं, आणि पडलं तर नाटकं. पाच हिमोग्लोबिनवर. मला नीट माहीत आहे असे किती रोवणे झाले असते. एकसुद्धा पूर्ण नाही.

तो खाली गेला. आत प्रेरणा काचेवर थेंब पसरून सूक्ष्मदर्शकातून बघत होती, कारण पाच आलं की तिची पद्धत आहे, डोळ्याने बघितल्याशिवाय सोडायचं नाही. देवानंदने मात्र कागद आधीच देऊन टाकले होते. तिने पाचवालं बघितलं. मग माझा थेंब बघितला. मग परत पाचवालं. म्हशीच्या लाल पेशी माणसाच्या पेशींपेक्षा लहान असतात. शेजारी शेजारी ठेवल्या की लपत नाही.

ती आम्हा दोघींना मुठीत घेऊन बाहेर आली. "देवानंद, पाचवाला रिपोर्ट कोणाला दिला?"

"भैंस का था. ले गया."

"म्हैस ह्या नळीत आहे, येड्या. पाचवाली बाई आहे." आणि तिची नजर बाकड्यावर गेली. त्या ओठांवर. "तुम्हीच का?"

उमेंद्र टॉनिकच्या दोन बाटल्या घेऊन वर आला, तेव्हा प्रेरणा त्याची वाट अडवून उभी होती. "हिले आत्ता सरकारी दवाखान्यात न्या. आज रक्त चढवा लागते. घरी नाही. आज."

"पण म्हैस..."

"म्हशीले काही नाही झालं."

त्याने तिथूनच इंद्रकुमारला फोन लावला, स्पीकरवर. "साहेब, म्हशीचं रक्त चांगलं आहे म्हणतेत. मंग दूध काऊन कमी झालं?"

इंद्रकुमारने उलट विचारलं, "धार कोण काढते?"

"हीच काढते."

"मंग दूध म्हशीत आहे, उमेंद्रभाऊ. काढणारीच्या हातात जोर नाही."

उमेंद्रने फोन खिशात ठेवला. बायकोकडे बघितलं. मला वाटतं, त्या आठवड्यात पहिल्यांदाच. मग त्याने बाटल्या काऊंटरवर ठेवल्या आणि तिला उचललं, जिन्यावरून, सगळ्यांसमोर. चला, निदान हात तरी कामाचे निघाले.

चार दिवसांनी तो पुन्हा आला. तिला दोन पिशव्या रक्त चढलं होतं, दवाखान्याने तपासणीसाठी तिच्या रक्ताची नवीन नळी दिली होती. धार आता तोच काढतो. पहिल्या दिवशी लाथ खाल्ली, कालपासून पावणेचार लिटर निघतं. हे त्याने खाली मान घालून सांगितलं. मला दया आली नाही.

"नाव लिहा," प्रेरणाने पट्टी आणि पेन त्याच्यापुढे सरकवलं.

त्याने 'द' काढला. प्रेरणा बघत राहिली. त्याने तो खोडला आणि थांबला.

"रुची," तो म्हणाला. "रु पहिला का दुसरा?"

चार वर्षं. चार वर्षं झाली लग्नाला.

"पहिला," प्रेरणा म्हणाली.

माझं काम संपलं. उद्या मला लाल पिशवीत टाकतील, मग भट्टीत वाफेने शिजवून तुकडे करतील. चालेल. माझ्यात जे भरलं ते मी नीट सांभाळलं, एक थेंब गोठू दिला नाही. तुमच्यापैकी कोणाच्या हातात माझ्यासारखी दुसरी आली तर एवढंच करा. जिचं रक्त आहे तिला नाव विचारा. म्हैस असेल तर बोलणार नाही, तेव्हा मालकाला विचारा. बाई असेल तर तिला तोंड आहे.