उंबऱ्यावरची नाल

"साहेब, बोट वर उत्तरेला चाललीय. वारा मानेवर लागायला पाहिजे, तो गालावर लागतोय."

"धाकू, तुझ्या हातात सुकाणू दिलंय. मान आणि गाल तुला कुणी विचारलेत?"

शरच्चंद्र दळवींनी होकायंत्रावरची नजर उचलली नाही. यॉट त्यांची, हौस त्यांची, विलायतेत जाऊन शिडं हाकायला शिकून आलेले तेच. आठ दिवसांनी अरबी समुद्र ओलांडून मोंबासाला निघायचं होतं. पाण्याची पिंपं भरली, शिडांचा दुसरा जोड शिवून झाला, सुकी मासळी बांधली. पण दर्या ओळखणारी माणसं काही दुकानात मिळत नाहीत, म्हणून त्यांनी दोघा मालवण्यांना घेतलं होतं, धाकू मिठबावकर आणि गुणाजी. घेतलं खरं, पण दोन महिन्यांत त्यांच्याशी एक शब्द सरळ बोलले असतील तर शपथ.

आज चाचणी होती. किनारा सगळा धुरकटलेला. डोळ्यांनी काही शोधायचं नाही, नुसत्या होकायंत्राच्या भरवशावर वर्सोव्याच्या खाडीच्या तोंडाशी परत यायचं, असा साहेबांचा हुकूम.

धाकूने सुकाणू सांगितल्या दिशेला धरून ठेवलं. शिडाच्या दोरापाशी बसलेला गुणाजी गालातल्या गालात हसला. धाकू नसता तर सुकाणू आपल्याच हाती आलं असतं, हे त्याच्या मनात पहिल्या दिवसापासून सलत होतं.

पाव तास गेला आणि समोर पांढरा फेस दिसला. खाडी कसली, ते मढचे खडक होते. धाकूने हुकमाची वाट पाहिली नाही. "गुणाजी, दोर सोड," म्हणाला आणि त्याने सगळं अंग सुकाणूवर टाकलं. शीड फाडफाड वाजलं, बोट कलली, आणि शेवटचा खडक वीस हातांवरून मागे गेला.

जीव वाचवला म्हणून कुणी आभार मानले असतील असं वाटत असेल, तर ते मनातून काढून टाका. वर्सोव्याला नांगर पडताच दळवी होकायंत्रापाशी गुडघ्यांवर बसले.

"चार दिवसांपूर्वी माणूस आणून हे जुळवून घेतलंय. केसाचाही फरक नव्हता," ते स्वतःशीच पुटपुटले. पेटीखालच्या कप्प्यात हात घालून त्यांनी लाल फडक्याचं एक पुडकं बाहेर काढलं आणि सोडलं. आत घोड्याची नाल होती, हळदीकुंकू लावलेली.

"लोखंड," ते म्हणाले. "होकायंत्राच्या खाली लोखंड. सुई त्याच्याकडे ओढणार नाही तर काय करणार? कुणी ठेवलं हे?"

धाकूला नाल बघताक्षणीच ओळखू आली. एक टोक झिजलेलं, कडेला हिरव्या रंगाचे ओघळ. घाटकोपरच्या चाळीचे दरवाजे रंगवले तेव्हा रंगाऱ्याने त्याच्या उंबऱ्यावरच्या नालेवरही कुंचला फिरवला होता. आठ दिवस तो बोटीवरच झोपत होता, घरचा उंबरा त्याने पाहिलाच नव्हता.

म्हणजे विमला. त्याची बायको.

तिचा बाप आणि भाऊ एकाच फत्तेमारीवर बुडाले, देवगडच्या समोर. त्यानंतर तिने धाकूला वेतोबाची शपथ घातली होती, पुन्हा दर्यात पाय घालायचा नाही म्हणून. बारा वर्षं त्याने विक्रोळीच्या कारखान्यात यंत्राला तेल घालत ती पाळली. मग दळवींचा निरोप आला आणि याला काय झालं कोण जाणे, दुसऱ्याच दिवशी नोकरी सोडून आला. तेव्हापासून दोन महिने विमला त्याच्याशी बोलत नव्हती. ताट पुढ्यात आपटायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची.

आणि तीच विमला तीन दिवसांपूर्वी बोटीच्या पूजेला आली होती. नव्या बोटीला सुकाणूवाल्याच्या बायकोने कुंकू लावायचं ही रीत. ती येईल असं धाकूला स्वप्नातही वाटलं नव्हतं. दळवी "उरका लवकर" म्हणत पाईप ओढत बसले होते, आणि ती डोलकाठीला, सुकाणूला, होकायंत्रालाही मुकाट्याने कुंकू लावत फिरली. तेव्हाच तिने हे ठेवलं असणार. घराची राखण काढून त्याच्यासाठी दिली वेडीने.

"मी विचारतोय, कुणी ठेवलं?"

तिचं नाव घेतलं असतं तर दळवी हसले असते, चार दिवस तिच्या अडाणीपणाची टिंगल केली असती आणि कदाचित याला ठेवूनही घेतलं असतं. पण घरच्या बाईचं नाव चार माणसांत असं काढायचं?

"मी ठेवली, साहेब."

गुणाजीने चमकून मान वर केली. "धाकू, खोटा कित्याक बोलतस? होकायंत्र तुका काय नवा?"

"तू गप रव."

"अडाणी ते अडाणीच," दळवी म्हणाले. "नाल बांधून समुद्र ओलांडणाऱ्याबरोबर मी जीव धोक्यात घालणार नाही. सामान घे आणि उतर. गुणाजी, उद्यापासून सुकाणू तुझ्याकडे."

हवं होतं ते मिळालं, पण गुणाजी हसला नाही. धाकूची वळकटी त्यानेच होडीत उतरवून दिली.

वर्सोव्याहून घाटकोपरपर्यंत धाकू पायी चालत आला. वाटेत कुणी ओळखीचं भेटू नये एवढंच मागत होता. वीस वर्षं दर्यावर काढलेला माणूस, आणि त्याला होकायंत्र कळत नाही म्हणून उतरवलं. लाजेने मेल्यासारखं झालं होतं. खिशातल्या नालेला हात लागला की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

ऊन कलताना तो चाळीत पोचला. विमला दारातच तांदूळ निवडत होती. तिने वळकटीकडे पाहिलं. नवल वाटल्याचं काही दिसलं नाही.

"इलात? पाय धुवा."

दोन महिन्यांतले पहिले शब्द. धाकूने नाल तिच्या सुपाशेजारी ठेवली.

"साहेबाक सांगलंय, मीच ठेवलंय म्हणान. तुझा नाव घेवक नाय. तुका काय ठावक, होकायंत्राकडे लोखंड चलना नाय ता."

विमलाचा हात सुपात थांबला.

"माका ठावक नाय?" ती म्हणाली. "मी बोट हाकणाऱ्या तांडेलाचा चेडू. होकायंत्राकडे कोणी विळी ठेवली तर बापूस अंगार धावान येय."

धाकूला आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि तो उंबऱ्यावर टेकला.

"मग कित्याक ठेवलंस?"

"चाचणीक बोट चुकतली आणि तुमका उतरवतले म्हणान. शपथ तुमी मोडलात, मी नाय."

"आणि खडकार गेली असती तर?"

"तुमी होतात मां सुकाणूवर," विमला म्हणाली.

बाप गेला, भाऊ गेला, आता नवरा द्यायचा नव्हता तिला. ते त्याला कळत होतं. पण तिला कुणी अडाणी म्हणू नये म्हणून तो स्वतः अडाणी झाला होता, आणि ती अडाणी नव्हतीच. बायकोचा इतका राग त्याला आजवर कधी आला नव्हता.

तो उठला. फळीवरून हातोडी काढली. उंबऱ्यावर हिरव्या रंगात नालेच्या आकाराची कोरी जागा राहिली होती, खिळ्यांची भोकंसुद्धा तशीच. त्याने नाल तिथे ठेवली. बरोबर बसली, केसाचाही फरक नव्हता. चार खिळे मारून त्याने हातोडी जागेवर ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

विमलाने ताट आणलं आणि जराही आवाज न करता त्याच्यापुढे ठेवलं. दोन महिने आपटलेलं ताट तो निमूटपणे जेवला होता. आज त्याला घास उतरेना.