लंगड्याची सुटका

त्याची खेळी

ताई येणार होती म्हणून त्याने चाचणीच्या खोलीतली टेबलं स्वतः पुसली. ते काम त्याचं नव्हतं. पण मनात चोर बसला की हात रिकामे राहत नाहीत. खोली साधीच: समोरासमोर दोन टेबलं, दोन कॉम्प्युटर, दोन खुर्च्या. त्यातली एक करकरायची. ती त्याने आपल्या बाजूला ओढली. तेवढंच पुण्य.

गुरुजी येऊन दाराला टेकला. गुरुजी म्हणजे कंपनीचा मुख्य प्रोग्रामर. वयाने ह्याच्याहून लहान, पण साधी वेळ विचारली तरी प्रवचन देतो म्हणून ते नाव पडलेलं.

"ताईंना सांगितलंस?"

"सांगतो."

"कधी? खेळ बाजारात आल्यावर?"

"म्हटलं ना, सांगतो."

"बघ बाबा. आपलेच दात, आपलेच ओठ. त्यात तुझ्या ताईचा तर धंदाच दातांचा."

तो हसला नाही. एरवी हसला असता.


तिची खेळी

ही जुनी आहे. दोघं लहान होती तेव्हाची.

जेवणाचं टेबल म्हणजे रणांगण. पुस्तकं उभी केली की डोंगर, टॉवेल चुरगळून टाकला की जंगल. सैन्य ताईने मातीचं घडवलेलं: बुटके कुऱ्हाडवाले, तीन शिंगांचे राक्षस, आणि एक चेटकीण, जिचं तोंड हुबेहूब शेजारच्या काकूंसारखं होतं. ढाली म्हणून शर्टाची बटणं. बाबा रोज सकाळी कामाला निघताना गळ्याशी चाचपडत म्हणायचे, "ह्या घरात बटणं खाणारं कोण आहे?"

आधी एकाने सैन्य हलवायचं, मग दुसऱ्याने. ताईची खेळी आली की संपायचीच नाही. ती हनुवटी टेबलावर टेकवून एकेका सैनिकाच्या डोळ्यांतून रणांगण बघायची.

"ताई, म्हातारा झालो मी इथे बसून."

"मग काठी घे. माझी खेळी आहे."

एकदा तो असा सपाटून हरला की एकही सैनिक उरला नाही. त्याने टॉवेल ओढला, डोंगर पाडले आणि टेबलाखाली जाऊन बसला. जेवायलाही बाहेर येईना. आई दमली, बाबा दमले. दुसऱ्या दिवशी ताईने जाहीर केलं, "नवा नियम. जिंकणाऱ्याने हरलेल्याचा शेवटचा सैनिक मारायचा नाही. हातात घ्यायचा, त्याच्या तोंडाकडे बघायचं आणि 'सोडला' म्हणायचं. पुढच्या डावात पहिली चाल त्याची."

"कोणी सांगितलं?"

"राजाचा हुकूम आला."

"कुठल्या राजाचा?"

"तुला काय करायचंय? जेव आधी."

तो जेवला. हुकूम कुठल्या राजाचा होता ते त्याला तेव्हाच कळलं होतं. पण दोघांनीही तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

सुटायचा तो बहुतेक वेळा लंगड्याच. लंगड्या म्हणजे ह्याच्याच हातातून पडून पाय मोडलेला एक भालाईत. चाल अर्धी, म्हणून लढाईत नेहमी मागे, म्हणून शेवटपर्यंत शिल्लक. सुटला की ताई त्याच्या भाल्याला लाल दोरा बांधायची. पुढे पुढे भाला दिसेना, नुसते दोरे.

मोठी झाल्यावर ताई दातांच्या प्रयोगशाळेत लागली, कवळ्या बनवायला. (खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे, ताई दोन्ही बनवते, हा भावोजींचा लग्नापासूनचा विनोद.) साच्याचं काम हातात बसलं तसं तिने अख्खं सैन्य नव्याने ओतलं. लंगड्या तेवढा मातीचाच ठेवला. मित्रमंडळी खेळायला लागली, मग मित्रांचे मित्र, मग अनोळखी लोक खोके मागवायला लागले. आणि मग एक दिवस तो ज्या कंपनीत खेळ रचायचं काम करतो, त्या कंपनीला हा खेळ कॉम्प्युटरवर हवा झाला.

ताईने एकच अट घातली. "बाकी हवं तसं वाकवा. सुटका तेवढी ठेव."

"अगं, सुटकेशिवाय तो आपला खेळ कसला?" हे त्याचेच शब्द.


त्याची खेळी

कॉम्प्युटरवरचा खेळ रिअल-टाइम करायचा होता. म्हणजे खेळी-बिळी काही नाही, दोन्ही सैन्यं एकाच वेळी धावतात, आणि घड्याळ कोणासाठी थांबत नाही. सुटका त्यात घातली होती. घातली नव्हती असं नाही. शेवटचा सैनिक उरला की खेळ थांबायचा आणि चौकट उघडायची: सोडायचा की मारायचा?

चाचणीला आलेली मंडळी वैतागली. "हे काय मध्येच? बँकेत आलोय का?" चौकटीकडे न बघता जे बटण बोटाखाली येईल ते दाबून मोकळी व्हायची. लंगड्याच्या तोंडाकडे कोणी बघितलं नाही. हा काचेपलीकडे बसून ते बघत होता, आणि त्याला लाज वाटली. लोकांची नव्हे. नियमाची. घरातलं माणूस चारचौघांत काहीतरी भाबडं बोलून जावं, तशी.

बैठकीत हा विषय निघाला. गुरुजी म्हणत होता, आणखी आठवडाभर बघू, वेगळा काही मार्ग सुचेल.

तेव्हा ह्याने तोंड उघडलं. "काढून टाकू."

माना डोलल्या. म्हणजे घरी सांगायला 'सगळ्यांनी मिळून ठरवलं' हे वाक्य तयार झालं. ते त्याने ताईसाठी घासूनपुसून ठेवलं. पण ताईचा फोन आला की घशातून भलतंच निघायचं: गुडघे कसे आहेत, भावोजी काय म्हणतात.

आणखी एक नियम त्याने त्याच आठवड्यात लिहिला. चांगला नियम आहे, असल्या सगळ्या खेळांत असतो. रिकाम्या उभ्या असलेल्या सैनिकाच्या टप्प्यात शत्रू आला, तर त्याने हुकमाची वाट न बघता वार करायचा. खेळणारा एकेकाला कुठे सांगत बसणार?


तिची खेळी

ताई अजून जिन्यात आहे. चढायला जिना, उतरायला लिफ्ट, असं तिच्या गुडघ्यांचं उलटं गणित.

थांबू या.


खेळी कोणाचीच नाही

"उंदीर कुठल्या हातात धरायचा रे?" असं विचारत ताई बसली आणि पहिल्या लढाईत तिचे राक्षस तळ्यात बुडाले आणि ती मोठ्याने हसली आणि पडद्याला नाक लावून म्हणाली, "अय्या, काकू! काकूंची मान हलते!" आणि दुसऱ्या लढाईत तिला डोंगर ओळखू आले, कारण डोंगर तेच होते, त्या पुस्तकांच्या उंचीचे, आणि मग तिने त्याला खिंडीत गाठलं, त्याने डावीकडून घोडेस्वार सोडले तर तिचे बुटके आधीच तिथे, आणि गुरुजी दारातून म्हणाला, "ताई, तुम्ही आमच्याकडे नोकरीला या, ह्याला घरी पाठवू," आणि ताई म्हणाली, "हा घरी काय करणार? टेबलाखाली बसेल," आणि त्याला हसू आलं, पण त्याचे धनुर्धारी पडत होते, त्याची चेटकीण पडली, आणि बघता बघता मैदानावर त्याचा एकच माणूस उरला, भाल्यावर लाल दोरे फडफडत असलेला, आणि समोरच्या पडद्यामागून दिसणारा ताईचा माथा स्थिर झाला, आणि तिने उंदरावरून हात काढून मांडीवर ठेवला, आणि शांतपणे, कॉम्प्युटरला ऐकू जावं इतक्या स्पष्ट आवाजात म्हणाली, "सोडला," आणि तिचे कुऱ्हाडवाले रिकामे उभे होते, आणि लंगड्या त्यांच्या टप्प्यात होता, आणि ह्याने त्याला पळवायला बटणं बडवली, पळ रे, पळ, पण चाल अर्धी, ती अर्धी चालही ह्यानेच प्रामाणिकपणे जशीच्या तशी उतरवलेली, आणि पहिला वार बसला आणि दुसरा बसला आणि दोरे खाली पडले आणि पडद्यावर सोनेरी अक्षरं आली: विजय.

खुर्ची करकरली.

"मी नाही मारलं," ताई म्हणाली. "मी हात काढला होता. बघितलंस ना? काढला होता मी हात."


गुरुजीची खेळी

हा बटणांवरचे हात काढेना, तेव्हा गुरुजीच पुढे झाला. माणूस मनाचा बरा. "ताई, ते बसवायचं राहिलंय अजून. काम चालू आहे."

ताईने भावाकडे बघितलं. "राहिलंय होय रे?"

"हो," तो म्हणाला. "राहिलंय."

ताईचा जीव भांड्यात पडला. तिने पर्स उघडली, कापसात गुंडाळलेला खरा लंगड्या बाहेर काढला, आणि दोऱ्याची रीळही. ती घेऊनच आली होती. दाताने दोरा तोडला आणि जे झालंच नव्हतं त्याची गाठ भाल्यावर नीट, दोनदा आवळून बांधली.

"मग आज सुटला असं धरू," ती म्हणाली, आणि तो मातीचा सैनिक तिने भावाच्या खिशात ठेवला. "पुढच्या डावात पहिली चाल ह्याची."


त्याची खेळी

लिफ्टपर्यंत तो तिच्याबरोबर चालत गेला. खिशात काहीच वजन नव्हतं आणि खांदा मात्र त्या बाजूला ओढल्यासारखा वाटत होता. ताई बोलत होती: भावोजींना दाखवायला हवं, काकूंची मान तर फारच छान. लिफ्ट आली. ताई आत शिरली, वळली, हात हलवायला लागली. दार मिटू लागलं.

त्याने पाय मध्ये घातला. दार अडलं, उघडलं.

"ताई, राहिलेलं नाही ते. काढलंय."

"काय काढलंय?"

"सुटका. मी काढली. सगळ्यांनी नाही, मी. गुरुजी तर थांबा म्हणत होता." घासूनपुसून ठेवलेलं वाक्य आठवलंसुद्धा नाही. "आणि तुला मी आत्ताही खोटंच सांगितलं. तू दोरा बांधत होतीस तेव्हा मी बघत उभा होतो."

त्याने लंगड्या खिशातून काढला आणि तळहातावर तिच्यासमोर धरला. परत द्यायला की दाखवायला, त्याचं त्यालाच माहीत नव्हतं.


तिची खेळी

ताईने लंगड्याच्या तोंडाकडे बघितलं. मग भावाच्या. मग पुन्हा लंगड्याच्या.

दार मिटायला येतं, त्याच्या बुटाला लागतं, परत जातं. पुन्हा येतं. वरच्या मजल्यावरचं कोणीतरी लिफ्ट बोलावतंय, आत घंटी वाजते आहे. तो पाय काढत नाही. हात लांबवलेलाच आहे.

ती विचार करते आहे. तिची खेळी आहे. तो थांबला आहे.