पाळक टॅकेट यांचा डावा गुडघा

मिसिसिपीतल्या त्या गिरणीगावात टेलिव्हिजन होता तो एकट्या चर्चचे कारभारी, डीकन क्लेमन्स यांच्याकडे. मंगळवारी संध्याकाळी चर्चची अर्धी मंडळी तिथं दाटीवाटीनं बसली. लर्लीन प्रूइटबाईंचा मुलगा डेल्मार न्यूयॉर्कहून गाणार होता.

तो गायला लागला आणि त्याचा डावा गुडघा थरथरला; मग कंबर, मग सगळा मुलगाच. न्यूयॉर्कच्या पोरी किंचाळल्या. क्लेमन्सनी उठून पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागावर हॅट धरली.

"हॅट काढा, डीकन," लर्लीनबाई म्हणाल्या. "ती कंबर मी न्हाऊमाखू घातलीय. माझ्यापासून काय झाकताय?"

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी डेल्मारला निर्लज्ज ठरवलं, आणि क्लेमन्स पाळकांच्या दारात हजर.

"रविवारी त्याचा निषेध करा, पाळकसाहेब. लोक म्हणतील, आपल्या मंडळीत वाढला."

"वाढलाच की."

"म्हणून तर म्हणतोय!"

पाळक ऑर्व्हिल टॅकेट यांनी तो गुडघा ओळखला होता. त्यांचं प्रवचन बोलण्यात सुरू होई, पण त्यातली बायबलची कथा यार्देन नदी ओलांडेपर्यंत त्याचं गाणं झालेलं असे, आणि मग डावा गुडघा काही त्यांचं ऐकत नसे. डेल्मार लहानपणापासून पहिल्या बाकावरून ते डोळे फाडून पाहत आलेला. टेलिव्हिजनसमोर पाळकांची छाती अभिमानानं फुलली होती, आणि त्याचीच त्यांना भीती वाटली होती.

रविवारी त्यांनी व्यासपीठ दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि निर्लज्जपणावर बोलायला घेतलं. शब्द कोरडे पडले. एकाही बाकावरून आमेन आलं नाही. लर्लीनबाई पर्स उचलून उभ्या राहिल्या. याच देवळातून त्यांनी नवऱ्याला शेवटचा निरोप दिला होता.

"मी निघते, पाळकबाबा. माझ्यामुळं तुमची अडचण नको."

पाळकांनी व्यासपीठ सोडलं.

"बसा, लर्लीनबाई. मंडळी, तो गुडघा माझा आहे."

"म्हणजे काय?" क्लेमन्सनी विचारलं.

"पोरानं तो इथंच उचलला. देवाच्या नावानं माझ्या अंगात आनंद मावत नाही, तो त्यानं पाहिला आणि साऱ्या देशाला दाखवला. लाज वाटत असेल तर आधी माझी वाटू द्या. बायबलातला दावीद राजा देवाच्या कराराच्या पेटीपुढं नाचला, तेव्हा त्याच्या आड कोणी हॅट धरली होती?"

दाविदाचं नाव निघालं आणि आवाज चढला, वळला, गाणं झाला. मागच्या बाकांवरून आमेन उसळलं. गुडघा सुटला तो सुटलाच.

लर्लीनबाईंनी पर्स खाली ठेवली आणि शेजारणीकडे झुकल्या.

"डेल्मारला अजून बरंच शिकायचंय," त्या म्हणाल्या.